नकाराची लेखनरीती : वसईचा तह (१८०२) आणि तारापूरचा करार (१९६३)

तहनामा अथवा करारनामा वाचताना इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष साहजिकच विधायक कलमांकडे प्रथम जाते. कोणी कोणास किती मुलूख दिला, फौज किती ठरली, रक्कम किती व मुदत कोणती, या गोष्टी तो टिपून घेतो. नकारार्थी वाक्ये मात्र मसुद्याची ठरावीक भाषा म्हणून ओलांडली जातात. इंग्रजी दस्तऐवजांच्या बाबतीत ही सवय विशेष घातक आहे. कारण इंग्रजी राजनैतिक लेखनात बंधनाचा मुख्य भार पुष्कळदा नकारावरच टाकलेला असतो. आणि तो नकार वाक्यातील कोणत्या पदाला जोडला आहे, त्याला अपवाद कोणता ठेवला आहे, यावर पुढील अनेक वर्षांचा व्यवहार अवलंबून राहतो.

हे दाखविण्यासाठी प्रस्तुत निबंधात दोन दस्तऐवज घेतले आहेत. पहिला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसरा बाजीराव पेशवा व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेला वसईचा तह. दुसरा, ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत सरकार व अमेरिकेचे सरकार यांच्यात वॉशिंग्टन येथे झालेला, तारापूर अणुवीज केंद्रासंबंधीचा सहकार्य-करार. या दोहोंत एकशे साठ वर्षांचे अंतर आहे व विषयही सर्वस्वी भिन्न आहेत. तथापि त्यांना एकत्र आणणारे भौगोलिक सूत्र आहे. वसई व तारापूर ही दोन्ही ठिकाणे उत्तर कोकणच्या एकाच किनारपट्टीवरील आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पाच्या एकाच मोहिमेत दोन्ही किल्ले पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. दीर्घ काळ ती ठाणे जिल्ह्यात होती, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात मोडतात. एकाच जिल्ह्याच्या नावाशी निगडित असे दोन इंग्रजी करार, आणि दोहोंतही निर्णायक ठरलेली नकारार्थी वाक्ये, हा योग अभ्यासकाने वाया घालवू नये.

१

प्रथम मराठीतील नकाराचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे; कारण इंग्रजी दस्तऐवज आपण मराठी मनाने वाचीत असतो.

या विवेचनाला वसईचाच एक धागा जोडता येतो. मराठीचे व्याकरण इंग्रजी अमदानीत प्रथम व्यवस्थितपणे मराठीत मांडणारे दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) यांचे घराणे तर्खडकर, म्हणजे वसईनजीकच्या तरखड गावचे. त्यांचा जन्म मुंबईचा. परंतु आडनावाने गाव राखले. त्यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे वसईच्या तहानंतर अवघ्या चौतीस वर्षांनी मराठी भाषा आपल्या स्वतःच्या रूपांचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडू लागली होती. पुढे तर्खडकरांच्याच नावाच्या भाषांतर पाठमालेने मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य मराठीत व मराठी वाक्य इंग्रजीत आणण्याची शिस्त लावली.

मराठीत नकार एकरूप नाही. ‘तो घरी नाही’ यात वस्तुस्थितीचा अभाव सांगितला आहे. ‘हा तो नव्हे’ यात तादात्म्याचा निषेध आहे. ‘असे करू नये’ यात अनौचित्य अथवा मनाई आहे. ‘मला नको’ यात इच्छेचा नकार, म्हणजे अस्वीकार आहे. ‘नाही’, ‘नव्हे’, ‘नये’ व ‘नको’ ही चार रूपे चार निरनिराळ्या व्यापारांची आहेत, आणि एकाच्या जागी दुसरे घातल्यास मराठी माणसाच्या कानाला ते तत्काळ खटकते. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘नॉट’ अथवा ‘नो’ हीच पदे काम करतात. भेद सहायक क्रियापदाने अथवा संदर्भाने दाखवावा लागतो.

जुन्या मोडी पत्रव्यवहारात मनाईचे आणखी एक रूप सर्रास आढळते. ‘उजूर न करणे’, ‘तसवीस न लावणे’, ‘बोभाट येऊ न देणे’ अशी ही वाक्ये असतात. ‘न’ व धातूचे ‘णे’-प्रत्ययान्त रूप यांच्या योगाने झालेली ही आज्ञा आहे. तिचा बोलणारा वरिष्ठ, ऐकणारा कनिष्ठ, आणि दोघेही परस्परांस ठाऊक असतात. सनद अथवा आज्ञापत्र यांची ही भाषा होय. इंग्रजी तहातील नकार याहून वेगळा आहे. तेथे कोणी कोणास आज्ञा करीत नाही. एक पक्ष तृतीय पुरुषात स्वतःसंबंधी बोलतो, आणि आपण अमुक गोष्ट ‘कधीही करणार नाही’ असे वचन देतो. आज्ञेतील ‘न करणे’ व वचनातील ‘करणार नाही’ यांत राजनीतीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. आज्ञा मोडणारा अवज्ञेचा दोषी ठरतो, तर वचन मोडणारा आपल्याच शब्दाने बांधला जातो. कंपनीच्या मुत्सद्द्यांनी हिंदुस्थानातील राजांना आज्ञा न करता त्यांच्याकडून नकारार्थी वचने घेतली, यातील मर्म या व्याकरणभेदाने अधिक स्पष्ट होते.

दुसरा भेद नकाराच्या स्थानाचा आहे. इंग्रजी वाक्य नकार नामाला जोडू शकते. ‘नो पर्सन’, ‘नो मटीरियल’ असा आरंभ झाला की पहिल्याच पदाशी वाचकाला निषेध कळतो. मराठीची प्रकृती याच्या उलट आहे. ‘कोणतेही साहित्य’ असा आरंभ करून आपण वाक्याच्या अखेरीस ‘वापरले जाणार नाही’ असे म्हणतो. मध्ये दहा उपवाक्ये आली तर विधान होकारार्थी आहे की नकारार्थी याचा उलगडा अंतापर्यंत होत नाही. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात या अडचणीची खूण दिसते. ‘शॅल नॉट’ याला तेथे बहुधा ‘करणार नाही’ अथवा ‘केले जाणार नाही’ असे रूप आले आहे, आणि अपवादासाठी ‘खेरीजकरून’ या शब्दाची योजना केली आहे. भविष्यकाळी नकाराला मनाईचे काम देण्याची ही पद्धत आज मराठी विधिलेखनात रूढ झाली असून तिचे मूळ इंग्रजी वाक्यरचनेत आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झाला नव्हता असे मात्र नव्हे. मीमांसकांनी व वैयाकरणांनी नञर्थाचे दोन प्रकार सांगितले आहेत. नकाराचा अन्वय क्रियापदाशी असेल तर तो प्रसज्यप्रतिषेध. तेथे निषेध हेच वाक्याचे तात्पर्य असते. नकाराचा अन्वय नामाशी अथवा क्रियेतर पदाशी असेल तर तो पर्युदास; तेथे एक गोष्ट वगळून उरलेल्या गोष्टीचे विधान करणे हे तात्पर्य असते. उगवत्या सूर्याकडे पाहू नये, या वाक्याचा विचार करताना मीमांसकांनी असे ठरविले की, ते व्रताच्या प्रकरणात आले असल्यामुळे त्याचा अर्थ निव्वळ मनाई असा न घेता ‘न पाहण्याचा संकल्प करावा’ असा विधायक घ्यावा. वाक्य दिसावयास नकारार्थी, परंतु तात्पर्याने विधायक असू शकते, हा सिद्धान्त पुढील विवेचनात दोनदा उपयोगी पडणार आहे.

२

आता पहिल्या दस्तऐवजाकडे वळू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्यानजीक हडपसर येथे यशवंतराव होळकराने शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरला व डिसेंबरात इंग्रजांच्या आश्रयाने वसईस आला. तेथे रेसिडेंट लेफ्टनंट कर्नल बॅरी क्लोज याच्याशी तह झाला. फौज व मुलूख यांची कलमे सर्वांना परिचित आहेत. येथे केवळ नकारार्थी रचना पाहावयाच्या आहेत.

पहिली रचना फौजेच्या संख्येची. पेशव्याच्या मुलुखात कायम ठेवावयाची तैनाती फौज ‘सहा हजार’ आहे असे तहात म्हटलेले नाही. ती सहा हजार पायदळाहून ‘कमी नाही’ अशी म्हटली आहे. ‘नॉट लेस दॅन’ ही रचना खालची मर्यादा बांधते व वरची मोकळी ठेवते. पेशव्याला वाटावे की, आपल्या संरक्षणाची हमी मिळाली. आणि ती मिळालीही. परंतु हीच रचना उलट बाजूने वाचली असता त्याच्या मुलुखातील परकी फौजेचा किमान आकडा कायमचा ठरून गेला, असाही तिचा अर्थ होतो. या फौजेच्या खर्चासाठी सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. नकाराने किमान मर्यादा सांगितली की ती मर्यादा कोणाच्या हिताची, हे शब्दांवरून कळत नाही. ती प्रसंगी कोणीही आपल्या बाजूने वापरू शकतो.

दुसरी रचना या फौजेच्या उपयोगासंबंधीची आहे. बंडखोरांचे पारिपत्य, पेशव्याच्या व्यक्तीचे रक्षण अशी महत्त्वाची कामे फौज करील असे सांगून लगेच नकारांची एक मालिका येते. क्षुल्लक प्रसंगी ती वापरावयाची नाही, सिबंदीप्रमाणे वसुलासाठी मुलुखात ठेवावयाची नाही, मराठा राज्यातील प्रमुख सरदारांविरुद्ध योजावयाची नाही, आणि मुलूखगिरीच्या रीतीने खंडणी गोळा करण्यासही तिचा उपयोग करावयाचा नाही. ‘नॉट’ हे पद एकदा आले की ‘नॉर’, ‘नॉर’ अशी साखळी जोडीत जावयाची, ही इंग्रजी विधिलेखनाची जुनी रीत होय. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या इंग्रजी वाक्यात ‘सिबंदी’ व ‘मुलूखगिरी’ हे मराठी व्यवहारातील शब्द जसेच्या तसे आले आहेत. मराठी राज्यकारभारातील जिवंत प्रथा नावानिशी घेऊन त्यांपुढे नकार ठेवला आहे. फौज पेशव्याच्या पैशाने पोसलेली. पण पेशव्याच्या राज्यात फौजेने जी कामे परंपरेने करावयाची, नेमकी तीच तिच्या कक्षेबाहेर गेली.

तिसरी रचना परराज्यसंबंधांची आहे. अन्य कोणत्याही सत्तेशी वाटाघाटी पेशवा आरंभणारही नाही व चालवणारही नाही. मात्र कंपनी सरकारला आगाऊ कळवून व परस्पर विचारविनिमय करून तसे करण्यास प्रत्यवाय नाही. येथे ‘नायदर–नॉर’ने दोन क्रिया एकत्र निषिद्ध केल्या आणि ‘विदाउट’ने एक दार किलकिले ठेवले. मराठीत हे वाक्य ‘कळविल्यावाचून करू नये’ असे होईल. ‘वाचून’ व नकार यांचा असा योग झाला की दोन अभाव मिळून एक विधी निघतो : कळवावे आणि मग करावे. म्हणजे शब्दांनी ही मनाई असली तरी तात्पर्याने ती परवानगी घेण्याची आज्ञा होती. मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, प्रसज्यप्रतिषेधासारखा दिसणारा हा नकार वस्तुतः पर्युदासाच्या जातीचा होता. पेशव्याचे स्वातंत्र्य त्याने एका फटक्यात नाकारले नाही. ते दुसऱ्याच्या संमतीच्या कक्षेत हलविले.

चौथी रचना कंपनीच्या बाजूची आहे व ती फार थोड्यांच्या लक्षात राहते. पेशव्याची मुले, नातलग, प्रजा व चाकर यांच्याशी आपला ‘कोणत्याही प्रकारचा संबंध नाही’, त्यांच्या बाबतीत पेशवा पूर्ण स्वतंत्र आहे, असे कंपनीने त्याच तहात जाहीर केले होते. हा नकार वाचावयास सर्वांत व्यापक आहे. परंतु त्याच्या स्वरूपाकडे पाहावे. पेशव्याने ‘करणार नाही’ असे वचन दिले. कंपनीने ‘संबंध नाही’ असे निवेदन केले. मराठीच्या परिभाषेत एकाचा नकार प्रतिज्ञेचा, तर दुसऱ्याचा वस्तुस्थितिदर्शक आहे. वस्तुस्थिती बदलली असे म्हणता येते. प्रतिज्ञा बदलली असे म्हणता येत नाही.

या भेदाची कसोटी १८१५ मध्ये लागली. गायकवाडांचे प्रतिनिधी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे त्यांचा खून झाला व संशय पेशव्याचा विश्वासू चाकर त्रिंबकजी डेंगळे याजवर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्रिंबकजीला स्वाधीन करण्याची मागणी केली. पेशव्याच्या चाकरांशी आपला संबंध नाही, हे वाक्य तहात होतेच. परंतु शास्त्र्यांच्या सुरक्षिततेची हमी हे विधायक वचन त्याच्यापुढे उभे राहिले, आणि विधायक वचनाने नकारार्थी निवेदनावर मात केली. त्रिंबकजी ताब्यात गेला, ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला, १८१६ मध्ये तेथून निसटला, आणि त्या प्रकरणाची परिणती जून १८१७ च्या पुणे तहात व पुढील युद्धात झाली.

पेशवाईचा अंत एका वाक्यामुळे झाला, असे प्रतिपादन करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. बळाचा तोल कोणत्या बाजूस होता हे स्पष्ट आहे. तथापि बळ ज्या मार्गाने वाहिले तो मार्ग मसुद्याने आखला होता. पेशव्याच्या नकारांना अंमल करणारा कोणी होता. कंपनीच्या नकाराला नव्हता.

३

दुसऱ्या दस्तऐवजाकडे येताना परिस्थिती पालटलेली आहे. भारत स्वतंत्र आहे, आणि मसुद्याच्या टेबलावर इंग्रजी उत्तम जाणणारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा होते. बोईसर स्थानकापासून जवळ, तारापूरच्या किनाऱ्यावर, मूळ प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीकडून उभारावयाच्या होत्या. त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम त्या वेळी भारतात तयार होत नव्हते. करार २५ ऑक्टोबर १९६३ रोजी अमलात आला. मुदत तीस वर्षांची होती. केंद्रातून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली.

या करारातील सर्वांत महत्त्वाची नकारार्थी रचना इंधनाच्या कलमात आहे. अमेरिका केंद्राला लागणारे सर्व समृद्ध युरेनियम विकील व भारत ते विकत घेईल, असे प्रथम विधायक वाक्य येते. त्याला जोडून असा उभयपक्षी समज नमूद केला आहे की, अमेरिकेने पुरविलेले व त्यापासून निर्माण झालेले विशेष अण्विक द्रव्य यांखेरीज ‘अन्य कोणत्याही’ अशा द्रव्यावर हे केंद्र चालविले जाणार नाही. ‘नो अदर दॅन’ ही ती रचना होय.

वरवर पाहता हे खरेदीदाराचे बंधन आहे. भारताने दुसऱ्या दुकानी जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ वाटतो. वसईच्या तहातील ‘कळविल्यावाचून अन्य सत्तेशी बोलू नये’ या कलमाची आठवण व्हावी, इतके त्याचे बाह्यरूप परिचित आहे. परंतु येथे नकार ‘अन्य’ या पदाला जोडलेला आहे, क्रियेला नाही. हा शुद्ध पर्युदास आहे. केंद्र चालू नये हे तात्पर्य नसून, केंद्र चालावे व अमेरिकन इंधनावर चालावे हे तात्पर्य आहे. जो पक्ष ‘माझ्याखेरीज दुसरे नाही’ असे लिहून घेतो, तो ‘मी आहे’ असेही लिहून देत असतो. विक्रेत्याने मक्तेदारी मागितली. मसुद्याने तीबरोबर पुरवठ्याची जबाबदारी त्याच्या पदरात टाकली.

भारतीय पक्षाने ही गोष्ट ओळखली होती याचा पुरावा करारातच आहे. उपकरणांवरील तपासणीच्या तत्त्वाविषयी दोन्ही सरकारांत मतभेद होता. तो लपविण्याऐवजी त्याच कलमात नोंदविला गेला. भारताने असे लिहवून घेतले की, उपकरणांवरील तपासणीला आपण दिलेली संमती ही केंद्र अमेरिकन इंधनाखेरीज अन्य द्रव्यावर चालणार नाही या वस्तुस्थितीचा विचार करून दिलेली आहे. इंधनावरील तपासणीतून ती आपोआपच निष्पन्न होते. म्हणजे जी रचना खरेदीदाराला बांधण्यासाठी आली, तीच भारताने आपल्या संमतीचा पाया म्हणून दुसऱ्यांदा उद्धृत केली. पाया निखळला तर संमतीचे काय, हा प्रश्न त्या पुनरुक्तीतच पेरलेला होता.

दुसरी रचना हमीची. केंद्रासाठी दिलेले कोणतेही साहित्य, अथवा त्यापासून निर्माण झालेले द्रव्य, अण्वस्त्रांसाठी, अण्वस्त्रांच्या संशोधनासाठी वा विकासासाठी, अथवा अन्य कोणत्याही लष्करी कामासाठी वापरले जाणार नाही, अशी भारताने हमी दिली. या वाक्यात नकार व्यापक असला तरी त्याची व्याप्ती नामांनी बांधलेली आहे : अण्वस्त्र व लष्करी काम. ‘स्फोट’ हा शब्द तेथे नाही.

४

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला व त्याला शांततामय स्फोट असे म्हटले. त्यासाठी वापरलेले प्लुटोनियम तुर्भे येथील सायरस अणुभट्टीतले होते. तारापूरच्या इंधनाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही परिणाम तारापूरवर झाला. अमेरिकेचे म्हणणे असे की, लष्करी उपयोगाच्या निषेधात कोणताही अणुस्फोट अंतर्भूत आहे, कारण स्फोटकाचे तंत्र एकच असते. भारताचा युक्तिवाद असा की, निषेध उद्देशाला जोडला आहे, साधनाला नाही. वाद अर्थातच राजकीय होता. पण त्याचे शब्दरूप पाहिले तर तो नकाराच्या व्याप्तीचा वाद होता.

यावर जी तडजोड निघाली ती भाषेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. सप्टेंबर १९७४ च्या पत्रव्यवहारात भारताने नव्या नकाराला मान्यता दिली नाही. ‘स्फोटासाठी वापरणार नाही’ असे न लिहिता, तारापूरचे द्रव्य ‘केवळ त्या केंद्राच्या गरजांसाठीच’ वापरले जाईल, दोन्ही सरकारांनी अन्यथा ठरविल्यास गोष्ट वेगळी, असे लिहिले गेले. व्यवहारात फल एकच. परंतु ‘केवळ यासाठीच’ असे म्हणणारा आपली योजना सांगतो, तर ‘त्यासाठी नाही’ असे म्हणणारा आपल्यावरील संशय मान्य करतो. नकाराचे काम होकाराकडून करून घेण्याचे हे उदाहरण मुत्सद्देगिरीच्या अभ्यासकांनी जपून ठेवण्यासारखे आहे.

१० मार्च १९७८ रोजी अमेरिकेत अण्वस्त्र-प्रसार-प्रतिबंधक कायदा अमलात आला. आपल्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी न स्वीकारणाऱ्या बिगर-अण्वस्त्रधारी देशास, कायद्याने दिलेल्या सवलतीच्या मुदतीनंतर, इंधन न देण्याचे त्याने ठरविले. १९६३ च्या करारात ही अट नव्हती. १६ मे १९८० रोजी तेथील अणुनियमन आयोगाने तारापूरच्या इंधनाचे अर्ज एकमताने नाकारले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो नकार बाजूस सारून निर्यातीस अनुमती दिली. त्या अनुमतीला नकार देण्याचा अधिकार काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांस मिळून होता. प्रतिनिधिगृहाने तसा ठराव संमत केला. परंतु २४ सप्टेंबर १९८० रोजी सिनेटमध्ये तो ४६ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला गेला. म्हणजे आयोगाचा नकार अध्यक्षांनी नाकारला, अध्यक्षांची अनुमती नाकारण्याचा ठराव सिनेटने नाकारला, आणि या साखळीच्या शेवटी अर्जांना होकार मिळाला. दोन मतांच्या फरकाने तारापूरचे दिवे अवलंबून राहावेत, ही त्या कायद्याच्या नकारप्रधान रचनेचीच परिणती होती.

या सर्व काळात भारताची भूमिका ‘नो अदर दॅन’ या रचनेवर उभी होती. पुरवठा अमेरिकेने थांबविला तर अन्य इंधन न वापरण्याचे बंधन टिकणार नाही, आणि त्या बंधनावर आधारलेली तपासणीची संमतीही टिकणार नाही, असे भारताचे म्हणणे होते. तपासणीचे बंधन पुरवठ्यावर अवलंबून नाही, असे अमेरिकेचे उत्तर होते. अखेर जुलै १९८२ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या वॉशिंग्टन-भेटीत तोडगा निघाला : अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे, व १९६३ च्या कराराची तपासणी-व्यवस्था चालू राहावी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्सशी तसा करार झाला. ‘अन्य कोणतेही नाही’ या पदांतील ‘अन्य’ला उभयसंमतीने प्रवेश मिळाला. मूळ कराराची मुदत ऑक्टोबर १९९३ मध्ये संपली. पुढे भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी स्वतंत्र व्यवस्था करून केंद्राची तपासणी चालू ठेवली, आणि चीन व रशिया यांजकडूनही इंधन आले.

५

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली असता काही गोष्टी हाती लागतात.

वसईच्या तहात दुर्बळ पक्षाने नकारार्थी प्रतिज्ञा केल्या आणि सबळ पक्षाने नकारार्थी निवेदन केले. तारापूरच्या करारात गरजू पक्षाने नकार स्वीकारला खरा, परंतु त्या नकाराच्या पोटातील विधायक अर्थ त्याच दस्तऐवजात लेखी करून घेतला. पहिल्या ठिकाणी संमतीचा अपवाद एका बाजूच्या हाती राहिला. दुसऱ्या ठिकाणी अपवादाचे दार उघडण्यास दोघांची संमती लागली, आणि एका बाजूने माघार घेताच दुसऱ्या बाजूला बोलण्यास लेखी आधार मिळाला. १९८२ चा तोडगा केवळ शब्दांनी घडविला नाही. फ्रान्सची तयारी, अमेरिकेचे तत्कालीन धोरण, भारताची वाढलेली तांत्रिक शक्ती, या सर्वांचा त्यात भाग होता. पण या शक्तींना वाटाघाटीत मांडावयास जी भाषा लागली, ती १९६३ मध्येच लिहून ठेवलेली होती. १८१५ मध्ये पेशव्याजवळ तशी भाषा नव्हती.

यावरून अभ्यासाची एक पद्धत सुचवावीशी वाटते. इंग्रजी दस्तऐवजातील प्रत्येक नकारार्थी वाक्यासमोर विद्यार्थ्याने तीन प्रश्न लिहावेत. नकार कोणत्या पदाला जोडला आहे, क्रियेला की नामाला? तो प्रतिज्ञा आहे, मनाई आहे, की निव्वळ निवेदन? आणि त्याला ‘खेरीज’, ‘वाचून’ अथवा ‘अन्यथा’ असे दार ठेवले असल्यास त्याची किल्ली कोणाजवळ आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहून पाहावीत. ‘नाही’, ‘नव्हे’, ‘नये’ व ‘नको’ यांपैकी कोणते रूप तेथे बसते हे ठरविताना इंग्रजी मसुद्याने जे एका ‘नॉट’खाली झाकले आहे ते उघडे पडते. भाषांतर हे येथे केवळ प्रसाराचे साधन राहत नाही. ते परीक्षणाचे साधन होते.

या कामाची गरज केवळ विद्यापीठापुरती नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. ज्या दस्तऐवजांनी या किनाऱ्याचे भवितव्य ठरविले, त्यांची मूळ भाषा येथील शेतकऱ्याची अथवा मच्छीमाराची नव्हती. १८०२ मध्ये नव्हती, १९६३ मध्येही नव्हती. आपल्याला काय दिले, हे माणसाला सहसा कोणीतरी सांगते. आपण काय करणार नाही असे आपल्या वतीने लिहून दिले गेले आहे, आणि दुसऱ्याने काय करणार नाही असे लिहून दिलेले नाही, हे मात्र त्याला मूळ कागद वाचूनच समजते. तो कागद त्याच्या भाषेत, त्यातील प्रत्येक नकाराचे वजन न बदलता, आणून देणे हे मराठीतून इतिहास लिहिणाऱ्यांचे काम आहे.